दिपमालाचा बायोडाटा उघडत नाही

लीलाधर भाऊ फेगड्यांनी नऊ वर्षांत एकही स्थळ दारातून परत पाठवलं नव्हतं. स्वतःचं त्यांचं लग्न १९८४ सालीच आटोपलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी इतरांच्या लग्नांचं काम अंगावर घेतलं. जळगावच्या वधू-वर परिचय मंडळाची जी सूची दरवर्षी मेळाव्यात वाटली जाते, तिचे ते संपादक. सहाशे बारा मुलंमुली, त्यांची उंची, जन्मवेळ, पगार, मामाचं गाव आणि घरचा फोन, एवढा सगळा ऐवज पिंप्राळ्याच्या त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या संगणकात राहायचा. शेजारणीला मुलीचा नंबर न देणाऱ्या बायका भाऊंना तो आपणहून सांगायच्या. या गोष्टीचा भाऊंना किती अभिमान होता हे मी लिहीत नाही. ते स्वतःच सांगतात.

मेळावा रविवारी होता. सूची शुक्रवारी छापखान्यात जायची होती. सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर मंडळाच्या ई-मेलवर एक स्थळ आलं.

कु. दिपमाला. उंची पाच फूट चार इंच. बी. ई. कॉम्प्युटर. पुण्याच्या कंपनीत नोकरी, काम घरून. शेती बागायती. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा, बस.

हे ‘बस’ वाचून भाऊ खुर्चीत सरळ बसले. नऊ वर्षांत मुलीची अपेक्षा एका ओळीत मावल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. संशय यायला खरं तर एवढं पुरे होतं. पण पुढे लिहिलं होतं, ‘मुलीच्या फोटोचा गैरवापर होऊ नये म्हणून फाईलला कुलूप लावले आहे. वडिलांचे नाव व पत्ता आत आहे. किल्ली: १२३४.’

“बघ, संस्कार म्हणतात ते हे,” भाऊ लताबाईंना म्हणाले. “लोक हल्ली मुलींचे फोटो कुठेही टाकतात. यांनी कुलूप लावून पाठवला.”

“आणि किल्ली कुलपालाच बांधून पाठवली,” लताबाई मेथी निवडत म्हणाल्या.

भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. किल्ली लावली. आत ‘दिपमाला_बायोडाटा_फोटोसह’ नावाची फाईल होती, तिच्यावर नेहमीच्या पीडीएफचं तांबडं चित्र होतं. भाऊंनी तिच्यावर टिचकी मारली आणि पडद्यावर एक लाल चौकट उभी राहिली. धोका आढळला. ट्रोजन. फाईल अडवून ठेवली आहे. खाली दोन बटणं: ‘काढून टाका’ आणि ‘परवानगी द्या’.

निवृत्त माणूस अशा वेळी शेजाऱ्याला हाक मारतो. भाऊंचे शेजारी अभिमन नाना हे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. जगात जे जे अडतं ते पुढे सोडून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा सराव. ते बनियनवरच आले, चौकट वाचली आणि विचारलं, “हा अँटीव्हायरस फुकटचा का विकतचा?”

“फुकटचा.”

“मग झालं. फुकटवाला असाच भीती घालतो. घाबरून माणसानं विकतचा घ्यावा म्हणून. आमच्या डेपोत एक वॉचमन होता, रोज सकाळी सांगायचा, साहेब रात्री चोर आला होता. एक दिवस पगारवाढ दिली, चोर यायचा बंद.”

“पण ट्रोजन म्हणतोय, नाना.”

“म्हणू द्या. मुलगी बी. ई. कॉम्प्युटर आहे ना? तिच्या फाईलमध्ये कॉम्प्युटरचं काही तरी असणारच. आणि भाऊ, स्थळ दारात आलंय. तुम्ही त्याला चौकशीशिवाय काढून टाका म्हणणार?”

या शेवटच्या वाक्याने निकाल लागला. भाऊंनी ‘परवानगी द्या’ दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं, खात्री आहे का? सरकारी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यंत्राने खात्री विचारावी हे भाऊंना झोंबलं. त्यांनी जरा जोरानेच ‘हो’ दाबलं.

काही झालं नाही. फोटो नाही, पत्ता नाही. पडदा जरासा लवला आणि पुन्हा स्वस्थ झाला. भाऊंनी परत टिचकी मारली. मग नानांनी मारली. कदाचित एसटीचा हात लागला की सुटेल. अशी अकरा वेळा ती फाईल उघडली गेली आणि अकराही वेळा दिपमाला बाहेर आली नाही.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. भाऊंनी ती फाईल धुळ्याला पाठवली.

धुळ्याला मंडळाची शाखा आहे आणि शाखेचे सहसंपादक आहेत रतिलालभाऊ. त्यांचं कापडाचं दुकान. ‘संपादक’ या शब्दाला चिकटलेला ‘सह’ कधी गळून पडेल याची ते पाच वर्षं वाट पाहत होते. त्यांना भाऊंनी लिहिलं, ‘उत्तम स्थळ. आमच्याकडे उघडत नाही. तुमच्याकडे उघडते का पाहावे.’

आता जळगावला जे उघडत नाही ते धुळ्याला उघडलंच पाहिजे, हा तिकडे प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. रतिलालभाऊंनी अँटीव्हायरसला बाजूला सारलं, दुपारभर खटपट केली आणि संध्याकाळी हार न मानता ती फाईल शाखेच्या एकशे चाळीस घरांना रवाना केली: ‘जळगावकरांना जमले नाही. आपल्यापैकी कोणाला जमते का पाहा.’ सोबत किल्ली होतीच.

लोकांनी ती मोबाईलवर उघडून पाहिली, जळगावकडच्या सोयऱ्यांनाही पुढे धाडली. मोबाईलवर ती चालेना. मग उपवर मुलांचे बाप जिथे जिथे म्हणून संगणक होता तिथे तिथे ती घेऊन गेले. कोणी झेरॉक्सच्या दुकानात, कोणी जावयाच्या ऑफिसात, कोणी शाळेच्या हेडमास्तरांकडे. फैजपूरच्या एका गृहस्थांनी पेन ड्राइव्ह खिशात घालून एका दिवसात चार नातेवाइकांची घरं केली आणि चारही ठिकाणी चहा घेतला.

मंगळवारी भाऊंचा संगणक हळू झाला. सूचीत एक नाव टाइप करावं आणि ते उमटेपर्यंत अंगणात जाऊन यावं. नाना आले, म्हणाले, “एक अँटीव्हायरस कमी पडतो. दुसरा टाका.” त्यांनी कुठल्याशा पानावरून एक फुकटचा उतरवून बसवलासुद्धा. या दुसऱ्याने आल्या आल्या पहिल्याला पकडलं. पहिल्याने दुसऱ्यावर लाल चौकट काढली. मंडळात दोन सरचिटणीस होते त्या वर्षाची भाऊंना आठवण झाली. दोघांच्या भांडणात ज्याला पकडायचं तो ट्रोजन राहिला आत निवांत, आणि यंत्र एवढं तापलं की लताबाईंनी त्याच्यामागे ओले मोजे वाळत घातले.

बुधवारी सकाळी लताबाईंनीच ज्योतीला बोलावलं. कोपऱ्यावर तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान. कॉलनीतली निम्मी यंत्रं तिच्या हाताखालून गेलेली. तिने आल्यावर पहिलं काम केलं ते इंटरनेटची वायर उपटण्याचं. दुसरं, नानांना खुर्चीवरून उठवण्याचं. मग तिने एक कुठलीशी खूण बदलली आणि दिपमालाच्या नावापुढे अचानक एक शेपूट दिसू लागलं: डॉट ईएक्सई.

“हे लपलेलं असतं,” ज्योती म्हणाली. “ही पीडीएफ नाही, भाऊ. वर नुसतं चित्र पीडीएफचं. हा प्रोग्रॅम आहे. उघडला की कागद दिसत नाही, काम सुरू होतं. तुम्ही टाइप केलेलं बघायचं, फाईली बाहेर पाठवायच्या, पासवर्ड उचलायचे. म्हणून तर पडद्यावर काही आलं नाही.”

“पण अँटीव्हायरसला कळायला नको?”

“कळलं होतं की. त्यानं अडवून ठेवलं होतं. परवानगी कोणी दिली?”

नाना खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

“हा विषाणू फारच जलद पसरतो म्हणायचा,” भाऊ म्हणाले. “धुळे, फैजपूर, पार चोपड्यापर्यंत गेला दोन दिवसांत.”

“नाही हो, भाऊ. ट्रोजन स्वतःहून कुठेही जात नाही. त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं आणि कोणीतरी हातानं उघडावं लागतं.”

“मग हा इतका कसा गेला?”

“तुम्ही नेलात,” ज्योती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

लताबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. “सूचीतले नंबर यातच होते ना? पोरींचे?”

“होते, काकू. गेलेच असतील असं नाही. पण गेले असं धरूनच चालायचं. सूचीची फाईल मी तपासून बाहेर काढते, बाकी यंत्र पूर्ण पुसून नवं करावं लागेल. पासवर्ड सगळे बदला, पण या यंत्रावरून नाही, माझ्या फोनवरून. आणि ज्यांचे ज्यांचे नंबर यात आहेत, त्यांना सांगा. अनोळखी फोन, लिंक, काही आलं तर सावध राहतील. ज्यांनी फाईल उघडली त्यांनाही सांगा.”

यंत्र पुसायला भाऊंची हरकत नव्हती. पासवर्ड बदलायलाही नव्हती. ‘सांगा’ हा शब्द मात्र त्यांना घशात अडकलेल्या गोळीसारखा झाला. नऊ वर्षं लोकांनी डोळे मिटून मुली सोपवल्या होत्या, म्हणजे त्यांचे नंबर. त्यांना काय सांगायचं? मशीन नको नको म्हणत होतं आणि मी हो म्हणालो?

त्यांनी आधी सोपं काम घेतलं. मंडळाच्या ई-मेलचा पासवर्ड. तो बदलायचा तर ओटीपी जाणार जुन्या नोंदलेल्या नंबरवर, आणि तो नंबर होता माजी चिटणीस कौतिक आबांचा, वरणगावला. भाऊंनी फोन लावला.

“आबा, तुम्हाला एक सहा आकडी नंबर येईल, तो सांगा.”

“नाही सांगणार,” आबा म्हणाले.

“अहो, मी लीलाधर.”

“असाल. मागच्या मेळाव्यात लीलाधर भाऊंनीच स्टेजवरून सांगितलं, कितीही जवळचा माणूस असो, ओटीपी देऊ नका. आवाजसुद्धा हुबेहूब काढतात म्हणे. तुमचा जमलाय चांगला.”

नऊ वर्षांत भाऊंनी स्टेजवरून अनेक उपदेश केले होते. हुंडा घेऊ नका, वेळेवर या, जेवणाच्या रांगेत शिस्त ठेवा. त्यातला एकच कोणीतरी पाळला होता आणि तो हा. शेवटी भाऊ ज्योतीला घेऊन बसने वरणगावला गेले. आबांनी आधारकार्ड पाहिलं, फोटोशी चेहरा ताडला, दोन्ही लीलाधर आहेत हे मान्य केलं. तेवढ्यात ओटीपी आला. पण दारात आलेल्या माणसाला चहाच्या आधी काही देण्याची आबांच्या घरात रीत नव्हती. चहा झाला तोवर ओटीपी मेला होता. दुसरा मागवला, आता आबांचा चष्मा सापडेना. तिसरा त्यांनी मोठ्याने, एकेक आकडा तोलून वाचला आणि सहावा आकडा सांगण्याआधी विचारलं, “बरं, ती दिपमाला कोणाची म्हणायची? इकडे फार चर्चा आहे.”

परतीच्या बसमध्ये ज्योती म्हणाली, “भाऊ, सांगितलं का लोकांना?”

“आज परिपत्रक काढतो,” भाऊ म्हणाले.

परिपत्रक काढलं. छत्तीस वर्षांची लेखणी ती, एकदम कशी बदलणार? ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मंडळाकडे प्राप्त झालेली कु. दिपमाला यांची नस्ती तांत्रिक कारणास्तव पुढील आदेशापर्यंत उघडण्यात येऊ नये. संपादक.’ दोषी कोण हे वाचून कळणार नाही अशी वाक्यरचना भाऊंनी तासभर घोटली होती आणि तिच्यात त्यांना पूर्ण यश आलं.

या परिपत्रकाचा परिणाम असा झाला की ज्यांनी तोवर फाईल उघडली नव्हती त्यांनी ती उघडली. नशिराबादला भाऊंचा भाचा हितेंद्र, वय एकतीस, अजून बिनलग्नाचा. भाऊ स्थळ दाबून ठेवताहेत, भाच्यासाठी, ही बातमी गुरुवारी दुपारपर्यंत सर्वत्र झाली. लताबाईंच्या बहिणीने अभिनंदनाचा फोन केला. हितेंद्रने स्वतः फोन करून विचारलं, “मामा, भेटायचं कधी?” रतिलालभाऊंनी धुळ्याहून कळवलं की रविवारी ते जाहीर सभेत काही प्रश्न विचारणार आहेत.

आणि दिवसभर फोन. धुळे तालुक्यातले निंबा आप्पा, घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही लग्नाचे, आपल्या अहिराणीत तीनदा बोलले.

“भाऊ, पोर कशी शे?”

“आप्पा, पोर नाही. फाईल खोटी आहे.”

“फाईल ऱ्हाऊ द्या हो. पोर कशी शे ते सांगा.”

“अहो, पोरच नाही! आणि तुम्हाला उघडू नका म्हटलं होतं ना?”

“बठ्ठासनी उघाडी, मंग मीच कसाले मांगे ऱ्हाऊ?” सगळ्यांनी उघडली आणि आपणच मागे राहायचं, हे आप्पांना पटत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी अजून एक फोन आला. एक बाई, फैजपूरच्या. त्यांना दिपमालाचं काही नको होतं. त्यांच्या मुलीला दोन दिवसांपासून कोणीतरी परका माणूस फोन करत होता. तिचं नाव, शिक्षण, जन्मवेळसुद्धा त्याला ठाऊक. “भाऊ, आम्ही हा नंबर तुमच्याशिवाय कोणाला दिला नव्हता,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. फक्त विचारत होत्या. भाऊंनी त्यांना नंबर बदलायला सांगितलं, पोलिसांत कळवायला सांगितलं, आणि कशामुळे झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच आलं. सूची त्या दिवशी वेळेवर छापायला गेली. हे लताबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी हॉल भरला होता. भाऊंनी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं, त्याची सुरुवात ‘माहिती तंत्रज्ञानाच्या या युगात’ अशी होती. स्टेजच्या पायरीशी लताबाईंनी ती पानं हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

“सरळ सांगा,” त्या म्हणाल्या.

भाऊ माइकपुढे उभे राहिले. माइकने आधी स्वतःचंच काहीतरी कुंई कुंई सांगून घेतलं.

“ती फाईल मी आत घेतली,” भाऊ म्हणाले. “मशीन नको म्हणत होतं. मी हो म्हटलं. अकरा वेळा उघडली, आणि मग मीच धुळ्याला पाठवली. तुमच्या मुलामुलींचे नंबर, पत्ते, जन्मवेळा, सगळं त्याच मशीनमध्ये होतं. ते बाहेर गेलं आहे. एका मुलीला त्रासही झालाय. चूक माझी. परिपत्रकात मी ती लिहिली नाही, कारण मला लाज वाटत होती. भाच्याचा काही संबंध नाही. दिपमाला नावाची मुलगी नाही. कधीच नव्हती.”

मागच्या ओळीतून कोणीतरी ‘कधीच नव्हती?’ असं अगदी दुःखाने म्हणालं.

रतिलालभाऊ उठले. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला, तो संपादक बदलण्याच्या ठरावाचा होता हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते माइकपर्यंत पोचायच्या आत ज्योती स्टेजवर चढली. तिला ठरावात रस नव्हता.

“ज्यांनी ज्यांनी ती संगणकावर उघडली त्यांनी हात वर करा,” ती म्हणाली. “ती यंत्रं साफ करावी लागतील. नाही सांगितलं तर पुढचे नंबर तुमच्या घरातून जातील.”

कोणी हात वर करेना. अपराध सगळ्यांचा होता आणि सुरुवात कोणालाच करायची नव्हती. रतिलालभाऊ ठरावाचा कागद उलगडत मायक्रोफोनपाशी उभे. तेवढ्यात बायकांच्या बाजूने त्यांच्या मंडळींचा आवाज आला.

“अहो, हात वर करा ना! चौदा वेळा उघडली तुम्ही. मी मोजत होते.”

जळगावकर हसले. मग धुळेकर हसले. रतिलालभाऊंनी कागदाची पुन्हा घडी केली, ती खिशात घातली आणि तोच हात वर केला. मग एक वर झाला, दोन झाले, आणि पाहता पाहता हॉलभर इतके हात झाले की मंडळाच्या निवडणुकीतही तितके कधी झाले नव्हते. हेडमास्तरांचा होता. झेरॉक्सवाल्याचा होता. फैजपूरच्या गृहस्थांनी, चार घरं केली म्हणून, प्रामाणिकपणे दोन्ही हात वर केले.

ज्योतीने एक टेबल मांडलं. शेजारी भाऊ कोरी वही आणि पेन्सिल घेऊन बसले. संगणक आता महिनाभर नको असं त्यांनीच ठरवलं. यंत्राचा पत्ता ज्योतीने लिहायचा, मुलामुलींचे बदललेले नंबर भाऊंनी. भाऊंना वाटलं होतं, टेबलाशी ज्योतीपुढेच लोक येतील, आपली वही कोरी राहील. कोण देणार आता नंबर? त्यांनी राजीनाम्याचं एक वाक्यही मनात जुळवून ठेवलं होतं. पण रांगेत पहिल्याच त्या फैजपूरच्या बाई होत्या. त्यांनी भाऊंकडे क्षणभर पाहिलं, आणि मुलीचा नवा नंबर हळू आवाजात, एकेक आकडा करून सांगितला. भाऊंनी तो लिहून परत वाचून दाखवला. वाचताना एक आकडा चुकला, तो त्यांनी पुन्हा वाचला. “धूळ फार आहे हॉलमध्ये,” ते ज्योतीला म्हणाले.

रांग जेवणाच्या रांगेपेक्षा लांब झाली. दुपार उलटली. शेवटी निंबा आप्पा आले, टोपी काढून खुर्चीत बसले.

“मनी पोरना नवा नंबर लिखी ल्या.”

भाऊंनी लिहून घेतला.

आप्पा उठेनात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “भाऊ, येक इचारू?”

“आप्पा, मुलगी नाही. हात जोडतो तुम्हाला.”

“पोरनं नही इचारत. हाई बठ्ठं ज्यानी करं ना, तो पोऱ्या. कॉम्प्युटर येस. घर बशी काम करस. येवढा लोकेस्ले फसाडाले डोकं लागस, म्हंजे निर्व्यसनी बी व्हई.” ते आणखी जवळ वाकले. “त्यानं लगीन व्हयेल शे का?”

भाऊंच्या सहा दिवसांच्या थकव्यातून नऊ वर्षांची सवय आपोआप बाहेर पडली.

“त्याची अजून नोंदणी आलेली नाही,” ते म्हणाले, आणि पेन्सिल खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं.